मातीच्या भिंतीसाठी माती निवडताना

बांधकामाच्या जागेवरचीच माती भिंतीसाठी वापरायची असल्यास मुळे आणि कुजका पालापाचोळा असलेला वरचा काळसर थर काढून टाकून खालची माती घ्यावी आणि काम सुरू करण्यापूर्वी ती बरणीत तपासावी. काचेच्या उभट बरणीत एक तृतीयांश माती घेऊन बाकीची बरणी जवळजवळ काठापर्यंत पाण्याने भरावी, चिमूटभर मीठ टाकून झाकण घट्ट लावून ती जोरात हलवावी आणि सपाट जागी ठेवून द्यावी. वाळू मिनिटभरातच तळाशी बसते, तिच्यावर काही तासांत बारीक गाळ बसतो, तर चिकणमाती खाली बसायला निदान एक दिवस लागतो. मग पट्टीने थरांची उंची मोजावी. चिकणमाती साधारण १५ ते ३० टक्के असावी. ती जास्त असल्यास भिंत वाळताना आकसून तडकते, तेव्हा वाळू आणि चिरलेला पेंढा मिसळावा. हे माप अर्थातच ढोबळ असते, त्यामुळे ठरलेल्या मिश्रणाच्या दोन-चार विटा पाडून त्या सावलीत वाळवून पाहणे मी अधिक विश्वासाचे मानतो. अनुभवी गवंडी तर ओल्या मातीची वळी बोटांत फिरवूनच पुष्कळसे ओळखतो.