जोडीनं कविता शिकवताना या चुका टाळा

अलंकार आणि वृत्तं जोडीजोडीनं शिकवायची ठरवली की पहिल्या तासाला एक दृश्य हमखास दिसतं. दोघांच्या मध्ये एक कृतिपत्रिका, एकाच्या हातात पेन आणि दुसरा खिडकीबाहेर बघतोय. दहा मिनिटांत पत्रिका भरते, उत्तरंही बरोबर असतात. पुढच्या आठवड्यात त्या दुसऱ्याला उपमा आणि रूपक यांतला फरक विचारला की तो गप्प. मग वाटतं, जोडीकामात वेळ फुकट जातो, त्यापेक्षा फळ्यावर सांगितलेलं बरं.

मराठी शिकवताना मीही बराच काळ तसंच समजत होते. जोडीदार म्हणजे पत्रिका भरायला एक जास्तीचा हात, असं धरून मी कामं देत होते, तिथेच गाडं अडत होतं. कवितेला मुळात ऐकणारं कुणीतरी लागतं. जोडीदाराला श्रोता केलं आणि त्याच्या कानाला काम दिलं, तेव्हा माझ्या वर्गातली कामंच बदलली. ज्या चुका मी केल्या आणि इतरांच्या तासांनाही पाहिल्या, त्या इथे मांडते.

दोघांना एकच कागद देणं

दोघांसमोर एकच माहिती असेल तर बोलायचं कशाला? जो लवकर वाचतो तो लिहून मोकळा होतो. म्हणून माहिती वाटून द्यावी. श्लेष, म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ निघणारा अलंकार, शिकवायला व्याकरणाच्या पुस्तकांतलं नेहमीचं वाक्य घ्या: ‘मित्राच्या उदयाने कोणाला आनंद होत नाही?’ एकाच्या कागदावर या वाक्याच्या आधी पहाटेचं चार ओळींचं वर्णन लिहायचं, दुसऱ्याच्या कागदावर एका सवंगड्याच्या यशाची छोटी गोष्ट. कागद एकमेकांना दाखवायचे नाहीत. वाक्याचा अर्थ मात्र जोडीदाराला सांगायचा.

दोन मिनिटांत वाद सुरू होतो. एक म्हणतो सूर्य उगवला, दुसरा म्हणतो दोस्त मोठा झाला. दोघंही आपलंच खरं म्हणून हटून बसतात आणि शेवटी कागद उलटतात. एकच शब्द दोन अर्थ घेऊन उभा आहे, हे त्यांना त्या क्षणी दिसतं. व्याख्या त्यानंतर सांगायची. आधी सांगितलेली व्याख्या पाठ होते, पण तिला चिकटवायला मुलांकडे काही नसतं.

‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा

खुणेच्या शब्दांवरून अलंकार ओळखायची सवय आपणच लावतो. ‘सारखा, सम, परी’ म्हणजे उपमा. ‘जणू, गमे, वाटे’ म्हणजे उत्प्रेक्षा, एक वस्तू जणू दुसरीच आहे अशी कल्पना. परीक्षेपुरतं हे चालतं, म्हणून चूक लपून राहते. ती उघडी पाडायची असेल तर जोड्यांना दोन वाक्यं द्या: ‘तो सारखा बोलतो’ आणि ‘त्याला काही ऐकूच आलं नाही जणू’. कितीतरी जोड्या पहिल्यापुढे उपमा आणि दुसऱ्यापुढे उत्प्रेक्षा लिहून मोकळ्या होतात. मग विचारायचं, उपमेय, म्हणजे ज्याची तुलना केली ते, कुठलं? उपमान, म्हणजे ज्याच्याशी केली ते, कुठलं? दोन्ही वाक्यांत तुलनेला दुसरी वस्तूच नाही, हे जोडीदार एकमेकांना दाखवून देतात.

यावर मला सापडलेला खरा उपाय म्हणजे ओळख बाजूला ठेवून रूपांतर करणं. एकानं उपमा लिहायची, दुसऱ्यानं तिचा अलंकार बदलायचा, पुन्हा पहिल्यानं. एका जोडीत हे असं चाललं होतं:

आजीचा आवाज मऊ शालीसारखा आहे.
आजीचा आवाज म्हणजे जणू मऊ शालच.
हा आवाज नव्हे, ही तर मऊ शाल.
शालीपेक्षाही मऊ आजीचा आवाज.
आवाजाची शाल पांघरून मी झोपलो.

उपमा, उत्प्रेक्षा, अपन्हुती, व्यतिरेक, रूपक. नावं नंतर फळ्यावर आली. त्याआधी जोडीदारानं एक निवड करायची असते: यातलं कुठलं वाक्य कवितेत ठेवशील? बहुतेक मुलं शेवटचं निवडतात आणि कारणही सांगतात, की त्यात काहीतरी घडतं. तुलना करून न थांबता त्या तुलनेतून एक कृती निघते. सातवी-आठवीतल्या मुलांकडून हे ऐकणं मला फार मोलाचं वाटतं.

डोळ्यांनी गण पाडणं

गण पाडणं म्हणजे चरणातली लघु (हलकी) आणि गुरू (जड) अक्षरं ओळखून त्यांचे तीन-तीनचे गट करणं. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि जोडीदाराचा सगळ्यात जास्त उपयोगही इथेच आहे. ‘यमाताराजभानसलगा’ हे गण लक्षात ठेवायचं सूत्र पाठ असतं, तरी गण चुकतात, कारण मुलं अक्षराचा आकार बघतात. ऱ्हस्व दिसलं की लघु, दीर्घ दिसलं की गुरू.

मनाच्या श्लोकांतला ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ हा चरण घ्या. वृत्त भुजंगप्रयात, चरणात 12 अक्षरं, चार वेळा य गण, म्हणजे लघु-गुरू-गुरू. वहीत नुसतं बघून खुणा केल्या की ‘सज्जना’तला ‘स’ लघु होतो, ‘भक्ति’तला ‘भ’ही लघु होतो आणि पुढचं सगळं कोसळतं. अशा वेळी वही मिटायला सांगा. एकानं चरण सावकाश, चाल न लावता म्हणायचा. दुसऱ्यानं डोळे मिटून लघु अक्षराला बाकावर टिचकी मारायची आणि गुरूला तळहात ठेवायचा. ‘सज्जना’ म्हणताना जीभ ‘ज्’वर आपटते आणि ‘स’ जड होतो. ऐकणाऱ्याचा हात तिथे आपोआप आडवा पडतो. टिचकी, तळहात, तळहात, असं चार वेळा आलं की वही उघडून खुणा करायच्या.

पुढची अडचण नेमकी उलटी. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, हा नियम कळला की मुलं ‘तुझ्या’तला ‘तु’ आणि ‘पुन्हा’तला ‘पु’सुद्धा गुरू करतात. इथे पुन्हा कानच कामाला येतो. ‘सज्जना’ आणि ‘तुझ्या’ लागोपाठ म्हणायला लावा आणि ऐकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: आघात मागच्या अक्षरावर आला का? ‘तुझ्या’त येत नाही, म्हणून ‘तु’ लघुच राहतो.

आणखी एक घोटाळा: वृत्ताचा नाद लागला की मुलं अभंगाचेही गण पाडायला बसतात. अभंग अक्षरसंख्येवर चालतो, तिथे लघु-गुरूचा हिशेब नाही. ओवीत तर अक्षरसंख्याही सैल असते. गण, मात्रा (लघुची एक, गुरूच्या दोन) की अक्षरं, यांतलं नेमकं काय मोजायचं हे जोडीनं आधी ठरवायचं, मगच पेन्सिल उचलायची.

हुशार आणि कच्चा, वर्षभर तीच जोडी

यात हुशार मूल कंटाळतं आणि दुसरं दबतं. जोड्या बदलत्या ठेवा. पण त्याहून महत्त्वाचा एक नियम आहे: ज्याला ओळ सुचली त्यानं ती सांगायची, लिहायची दुसऱ्यानं. लिहिणाऱ्याला ओळ पटली नाही तर तो थांबवू शकतो. पेन असं फिरत राहिलं की कुणी नुसतं बसून राहत नाही.

जोडीला न पेलणारा काव्यप्रकार निवडणं

सगळे प्रकार दोघांत वाटता येत नाहीत. केशवसुतांनी 1892 साली मराठीत आणलेलं सुनीत 14 ओळींचं असतं आणि त्यात एकच विचार वळण घेत पुढे जातो. दोघांनी आलटून पालटून ओळी लिहिल्या की त्याची गोधडी होते. सुनीत दोघांनी वाचावं, वळण कुठे आलं त्यावर भांडावं, लिहावं मात्र एकट्यानं. गझल जोडीला बरी, कारण प्रत्येक शेर, म्हणजे दोन ओळींची जोडी, आपल्या अर्थानं स्वतंत्र असतो. एकानं पहिली ओळ द्यावी, दुसऱ्यानं काफिया (यमक जुळणारा शब्द) आणि रदीफ (त्यापुढे दर वेळी तोच येणारा शब्द) सांभाळून शेर पुरा करावा. तरी सुरुवातीला ती नकोच, दोन बंधनं एकदम सांभाळताना मुलांचा अर्थ सुटतो.

माझी पहिली पसंती मोठ्या अभंगाला. 6, 6, 6 आणि 4 अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. पहिले दोन चरण एकाचे, पुढचे दोन दुसऱ्याचे:

पावसाची सर । आली अंगणात ।
दोन्ही तळहात । ओले झाले ॥

पहिल्या मुलीनं ‘अंगणात’वर सोडलं तेव्हा जोडीदारानं आधी ‘वाहतो हा वात’ लिहिलं होतं. अक्षरं सहा, यमकही जुळलं. तिनं विचारलं, ‘वात म्हणजे?’ ‘वारा.’ ‘मग आपण वारा म्हणतो की वात?’ त्यानं खोडलं. अशी खोडाखोड मी कधी लाल शाईनं करून घेऊ शकले नव्हते. म्हणून आता प्रत्येक जोडीला हे काम असतंच: फक्त यमकासाठी आलेला शब्द शोधून त्याखाली रेघ मारायची.

मोजताना ‘दोन्ही’पाशी मुलं अडतात, तीन अक्षरं धरतात. जोडाक्षर हे एकच अक्षर, एवढं सांगितलं की पुरतं.

‘छान आहे’वर थांबणं

जोडीदाराला कविता दाखवली की ‘छान आहे’ एवढंच उत्तर येतं. मुलांना बोलायचं नसतं असं नाही, कुठे बघायचं हे त्यांना आपण सांगितलेलं नसतं. त्यामुळे ‘कशी वाटली?’ हा प्रश्नच काढून टाका. कविता लिहिणाऱ्यानं वाचायची नाही, जोडीदारानं मोठ्यानं वाचायची. लिहिणाऱ्यानं तोंड बंद ठेवून तो जिथे अडखळला तिथे फुली मारायची. दुसऱ्या वाचनातही तिथेच अडखळला तर ती ओळ दुरुस्त करायची.

यात एक पथ्य पाळावं लागतं. वाचण्यात ज्याला अजून अडचण आहे अशा मुलाला आयत्या वेळी हे काम देऊ नका, नाहीतर फुल्या ओळींवर पडण्याऐवजी त्याच्यावर पडतात. त्याला कविता आदल्या दिवशी द्या, म्हणजे तो एकदा घरी वाचून येतो.

वर्गात संख्या विषम असेल तर एक गट तिघांचा होतो. तिसऱ्याला नुसतं ‘तूही बस यांच्यात’ म्हणू नका. वृत्ताच्या वेळी त्याच्याकडे टिचक्या सोपवा, अभंगाच्या वेळी चार अक्षरांचा शेवटचा चरण. तो चरण सगळ्यात लहान आणि सगळ्यात अवघड असतो, आणि मुलांना ते लवकर कळतं. माझ्या वर्गात आता त्या तिसऱ्या जागेसाठी हात वर होतात.