घरातील हवेतला आणि वस्तूंमधून येणारा रेडॉन कसा मोजावा

1984 साली पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज प्रकल्पात काम करणारे स्टॅनली वॉट्रस किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्रापाशी आले की यंत्र धोक्याचा इशारा देई. शोध घेतल्यावर त्याचे मूळ प्रकल्पात नव्हे, तर त्यांच्या घरात साठलेल्या रेडॉन वायूत सापडले. जमिनीतील युरेनियमपासून तयार होणाऱ्या या किरणोत्सारी वायूला रंग नाही, वास नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत मात्र धूम्रपानानंतर त्याचेच नाव घेतले जाते. त्यामुळे त्या भागात किंवा शेजारच्या न्यू जर्सीत तळघर असलेल्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ही मोजणी अवश्य करावी.

गायगर काउंटर हे किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र या कामाला उपयोगी नाही, कारण हवेतील रेडॉनचे प्रमाण ते सांगू शकत नाही. काही दिवसांच्या प्राथमिक चाचणीसाठी रेडॉन शोषून घेणाऱ्या कोळशाची डबी पुरते. पण रेडॉनचे प्रमाण हवामान, ऋतू आणि खिडक्यांच्या उघडझापीप्रमाणे बदलत असल्याने, तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या अल्फा-ट्रॅक डिटेक्टरचा (रेडॉनमधून निघणाऱ्या अल्फा कणांचे ठसे प्लास्टिकवर टिपणाऱ्या उपकरणाचा) आकडा माझ्या मते कितीतरी अधिक भरवशाचा असतो. उपकरण राहत्या मजल्यांपैकी सर्वांत खालच्या मजल्यावर, जमिनीपासून किमान 50 सेंटीमीटर उंचीवर, बाहेरच्या भिंती, खिडक्या आणि पंख्याचा झोत यांपासून दूर ठेवावे. स्वयंपाकघर व न्हाणीघर टाळावे. अल्पकालीन चाचणीच्या 12 तास आधीपासून दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. ये-जा करण्यापुरते दार उघडले तर चालते.

ग्रॅनाइटचा ओटा किंवा आजोबांचे, अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग लावलेले जुने घड्याळ यांविषयी शंका असेल, तर उपकरण वस्तूला चिकटवून मिळालेल्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. घड्याळ न उघडता, कारण आतला रंग भुकटी होऊन झडतो, ते दर तासाला नोंद ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मॉनिटरसह हवाबंद डब्यात ठेवावे आणि प्रमाण किती वेगाने वाढते ते पाहावे. समजा, 50 लिटरच्या डब्यात 10 तासांत प्रमाण प्रतिघनमीटर 400 बेकरेलने (बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन) वाढले, तर ती वस्तू तासाला सुमारे 2 बेकरेल रेडॉन सोडते. तीच वस्तू 30 घनमीटरच्या खोलीत असेल आणि तिथली निम्मी हवा तासाभरात बदलत असेल, तर खोलीतील वाढ प्रतिघनमीटर जेमतेम 0.13 बेकरेल होते. डब्यातला आकडा पाहून घाबरलेल्या माणसाला हा हिशेब आवर्जून करून दाखवावा, कारण घरातला बहुतेक रेडॉन पायाच्या भेगांतून, जमिनीतूनच येतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रतिघनमीटर 100 बेकरेल ही संदर्भपातळी सुचवते. अमेरिकेत लिटरला 4 पिकोक्युरी (किरणोत्सर्गाचे तिथले एकक), म्हणजे प्रतिघनमीटर 148 बेकरेल, या पातळीला दुरुस्तीचा सल्ला दिला जातो. अल्पकालीन चाचणीत आकडा याहून जास्त आला, तर दुसरी चाचणी करून खात्री करावी. त्यानंतर लादीखालची हवा पाइप व पंख्याने छपरावर सोडणारी व्यवस्था जाणकाराकडून बसवून घ्यावी आणि पंखा सुरू असताना पुन्हा मोजावे.