फ्योर्ड पाहायचा तर फ्लोमला मुक्काम करावा
नॉर्वेत ऑस्लोहून बर्गनला रेल्वेने जाताना म्यूरडाल स्थानकावर अवश्य उतरावे, कारण तेथून निघणारी फ्लोम रेल्वे सुमारे २० किलोमीटरच्या अंतरात ८५० मीटरहून अधिक उतरून थेट फ्योर्डच्या, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या, काठावरील फ्लोम गावाशी येते. बरेच प्रवासी त्याच दिवशी पुढे निघतात. ती घाई करू नये, असे मला मनापासून वाटते. रात्री फ्लोमला राहून सकाळी गुडवांगेनची बोट धरल्यास, २००५ पासून जागतिक वारसास्थळ असलेला आणि काही ठिकाणी जेमतेम २५० मीटर रुंदीचा नॅरोयफ्योर्ड निवांतपणे पाहता येतो. पुढे बसने व्हॉस आणि तेथून रेल्वेने बर्गन गाठावे. बोटीच्या उघड्या डेकवर उन्हाळ्यातही वारा बोचतो, म्हणून कानटोपी हाताशी असू द्यावी. बर्गन पावसाचे शहर आहे. तेथे छत्रीपेक्षा रेनकोट बरा.