कार्यक्रमापूर्वी बेस गिटारची तयारी: तारांपासून साउंड चेकपर्यंत

वाद्यवृंदासोबत मंचावर बेस गिटार वाजवायची असेल, तर तयारी कुठून सुरू करावी याबद्दल माझे मत ठाम आहे: अ‍ॅम्पपासून (आवाज वाढवणाऱ्या यंत्रापासून) नव्हे, तारांपासून आणि बोटांपासून. ध्वनी ज्या क्रमाने घडतो त्याच क्रमाने तयारी केली, म्हणजे आधी तार, मग वाद्याची जुळणी, मग हात, मग केबल आणि सर्वांत शेवटी अ‍ॅम्पची बटणे, तर मागच्या टप्प्यावर राहिलेला दोष पुढच्या टप्प्यावर झाकत बसण्याची वेळ येत नाही. पुढील यादी त्याच क्रमाने आहे आणि ती कार्यक्रमाच्या साधारण आठवडाभर आधी हाती घ्यावी.

सर्वप्रथम तारांचा निर्णय घ्यावा. नव्या राउंडवाउंड (गोल तारेचे वेष्टन असलेल्या) तारांचा आवाज पहिले काही तास फार झगझगीत असतो आणि त्या ताणल्या जात असल्यामुळे सुरातही टिकत नाहीत. म्हणून तारा बदलायच्या असतील तर त्या दोन-तीन दिवस आधी बदलून रोजच्या सरावात वाजवून घ्याव्यात. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचे वेष्टन असलेल्या) तारा असतील तर त्यांना उगाच हात लावू नये, कारण त्यांचा गोल, दबका आवाज वापराने अधिकच मुरतो. मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीच्या गाण्यांतले बेसवादक जेम्स जेमरसन हे तार तुटल्याशिवाय बदलत नसत, अशी त्यांची ख्याती आहे. बदलताना पूर्वीच्याच जाडीचा संच घ्यावा. चार तारांच्या वाद्यावर ०.०४५ ते ०.१०५ इंच हा संच सर्रास वापरला जातो. वेगळ्या जाडीचा संच लावला की नेकवरचा (वाद्याच्या मानेवरचा) ताण बदलतो आणि पुढची सगळी जुळणी नव्याने करावी लागते. तार कापण्यापूर्वी ती कापायच्या जागेच्या अलीकडे काटकोनात वाकवून घ्यावी, म्हणजे वरचे वेष्टन गाभ्यावरून सैल होत नाही. खुंटीवर दोन ते तीन वेढे बसतील इतकी लांबी ठेवावी आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली यावा.

तारा स्थिरावल्या की वाद्याची जुळणी तपासावी, आणि येथे क्रम मोडू नये: आधी नेकचा बाक, मग तारांची उंची, मग इंटोनेशन (मानेवर सगळीकडे स्वर सुरात येणे). वाद्य नेहमीच्या सुरात लावून तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) एकाच वेळी दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातील फट पाहावी. ती ०.३ मिलिमीटरच्या आसपास असणे बहुतेक वाद्यांना मानवते. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक बदलणारी सळई) किंचित घट्ट करावा, तार फ्रेटला टेकत असेल तर किंचित सैल करावा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा अधिक फिरवू नये आणि त्यानंतर लाकडाला काही तास द्यावेत. घट्ट करताना जोर लावावा लागत असेल तर तेथेच थांबून वाद्य कारागिराकडे न्यावे. तारांची उंची सतराव्या फ्रेटवर मोजावी. जाड तारेखाली सुमारे २.४ आणि बारीक तारेखाली सुमारे २ मिलिमीटर ही सुरुवातीची जागा समजावी. जोरात वाजवणाऱ्याने तारा थोड्या उंचच ठेवाव्यात, कारण फार खाली आणलेली तार फ्रेटवर आपटते आणि ती खडखड घरी हळू वाजवताना ऐकू येत नाही, मंचावर मात्र हमखास येते. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसते बोट टेकवून निघणारा स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहावेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरलेला असेल तर पुढे सरकवावे. हे सर्व कार्यक्रमाच्या दिवशी करू नये.

विजेच्या भागाकडे फार वेळ द्यावा लागत नाही, पण तो विसरूनही चालत नाही. अ‍ॅक्टिव्ह (आत विजेवर चालणारे सर्किट असलेल्या) वाद्यात ९ व्होल्टची बॅटरी असते, काहींत दोन असतात, आणि केबल वाद्यात खोचलेली राहिली की बॅटरी संपत जाते. कार्यक्रमापूर्वी ती नवी बसवावी. जॅकची सैल चकती आवळावी, बटणे दोन्ही टोकांपर्यंत फिरवून खरखर येते का ते ऐकावे. फेंडर कंपनीच्या जॅझ बेसच्या धर्तीचे दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारे भाग, असतील तर दोन्ही सारखे उघडे असताना गुणगुण बहुधा नाहीशी होते आणि एक कमी करताच ती परत येते, हे ध्यानात ठेवूनच मंचावरची जुळवणी ठरवावी. त्याच कंपनीच्या प्रिसिजन बेसवर १९५७ पासून दोन भागांत विभागलेला पिकअप आला, त्याला ही अडचण नाही.

आता हातांकडे. या यादीतला सर्वांत मोठा आणि सर्वाधिक दुर्लक्षित भाग हाच आहे, आणि त्यातही स्वर सुरू कसा करावा यापेक्षा तो थांबवावा कसा याची तयारी फार थोडे वादक करतात. बेसचा स्वर लांबतो. तो जिथे संपायला हवा तिथे संपला नाही तर पुढच्या स्वरावर त्याची सावली पडते, किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाचा) ठोका पुसट होतो आणि ऐकणाऱ्याला केवळ गढूळपणा जाणवतो. तो गढूळपणा मग कुणीतरी अ‍ॅम्पवर बेस कमी करून घालवू पाहते, पण कारण तिथे नसतेच. १९५१ साली लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा ब्रिजवरच्या (तारा जिथे वाद्याच्या धडावर टेकतात त्या भागावरच्या) धातूच्या झाकणाआत तारांवर टेकणारा एक मऊ तुकडा बसवलेला असे. बेसवादक कॅरल के यांनी पिकने (बोटांत धरायच्या छोट्या चकतीने) वाजवताना तारांवर फेल्टचा तुकडा ठेवून आवाज आटोपशीर राखला. तेव्हा तार दाबून ठेवणे ही बेसच्या वादनातली मूळचीच गोष्ट आहे.

उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर कायमचा टेकवून ठेवण्याऐवजी वाजणाऱ्या तारेच्या वरच्या तारेवर सरकत ठेवण्याची सवय करावी, म्हणजे न वाजणाऱ्या जाड तारा त्याच्या कडेखाली आपोआप गप्प राहतात. तर्जनी आणि मधले बोट आलटूनपालटून चालवताना प्रत्येक बोट तार ओलांडून तिच्या वरच्या, जाड तारेवर विसावू द्यावे. त्यामुळे आघातही सारखा येतो. डाव्या हाताने स्वर थांबवताना बोट तारेवरून उचलायचे नसते, केवळ दाब काढायचा असतो. पूर्ण उचललेले बोट उघडी तार वाजवून जाते. तसेच एका बोटाने दाब काढला तर त्या जागी तारेचा हार्मोनिक चमकू शकतो, म्हणून किमान दोन बोटे तारेवर सपाट राहावीत. उघड्या तारांच्या स्वरांचा अभ्यास वेगळा करावा, कारण तिथे दाब काढण्याजोगे काहीच नसते. पाच तारांचे वाद्य असेल तर सर्वांत जाड बी तार इतर स्वरांसोबत सतत थरथरत राहते, आणि तिच्यावर अंगठ्याचा पहारा नसेल तर तो आवाज मोठ्या स्पीकरांतून पसरतो.

सरावासाठी मेट्रोनोम ६० वर ठेवून प्रत्येक ठोक्यावर एक स्वर घ्यावा आणि तो बरोबर पुढच्या ठोक्याला संपवावा. मग अर्ध्यावर संपवावा. मग पाव भागावर. हे स्थिर झाले की मेट्रोनोमचा आवाज दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो असे मानून तेच वाजवावे. सरावाचे ध्वनिमुद्रण करून केवळ स्वरांचे शेवट ऐकावेत. कंटाळवाणे वाटले तरी आठवड्याच्या तयारीत मी यालाच सर्वाधिक वेळ देईन.

आघाताची जागाही गाण्यागणिक ठरवून ठेवावी. नेकच्या टोकाजवळ वाजवले की स्वर गोल आणि पसरट येतो, ब्रिजजवळ वाजवले की घट्ट आणि टोकदार. बोट दहा सेंटिमीटर सरकवल्याने जितका फरक पडतो तितका बऱ्याचदा टोनचे बटण फिरवूनही पडत नाही. पट्ट्याची लांबी अशी ठेवावी की बसून आणि उभे राहून वाद्याची उंची सारखीच राहील, आणि शेवटचे तीन-चार दिवसांचे सराव उभ्यानेच करावेत. डाव्या मनगटाचा तीव्र बाक टाळावा. दुखू लागले तर थांबावे.

प्रत्येक गाण्याचे टिपण अर्ध्या पानाचे असावे: पट्टी, कडव्यांचा क्रम, थांबे, शेवट कसा होतो आणि त्या गाण्यात पिक, बोटे की स्लॅप (अंगठ्याने तारेवर आपटून वाजवणे). ई तार डी स्वरावर उतरवावी लागणारी गाणी शक्य तर क्रमाने लागोपाठ ठेवावीत.

मग केबल आणि जोडणी. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) वाद्यासोबत केबल जितकी लांब तितका वरचा टोकदारपणा कमी होतो, म्हणून वाद्यापासून पहिल्या उपकरणापर्यंतची केबल पाच-सहा मीटरच्या आत ठेवावी. वाद्याची केबल अ‍ॅम्प आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) यांच्यामध्ये कधीही वापरू नये. तिथे जाड तांब्याची स्पीकर केबलच लागते. दोन ८ ओहमची कॅबिनेट समांतर जोडली की भार ४ ओहम होतो आणि अ‍ॅम्पची किमान मर्यादा त्याहून वर असेल तर अशी जोडणी करू नये. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय तो सुरूच करू नये. ट्यूनर शक्यतो साखळीत पहिला ठेवावा, म्हणजे त्याला स्वच्छ संकेत मिळतो. कॉम्प्रेसर (मोठे स्वर दाबून आवाज सारखा करणारे उपकरण) वापरत असल्यास ४:१ चे प्रमाण आणि मोठ्या स्वरांवर ३ ते ६ डेसिबल इतकीच घट यावरून सुरुवात करावी. त्याचा अ‍ॅटॅक (दाबणे सुरू होण्याचा वेग) फार जलद ठेवला तर बोटांचा आघातच खाल्ला जातो. स्वरांची उंचसखलता आधी बोटांनी दुरुस्त करावी, कॉम्प्रेसरने नव्हे.

मुख्य ध्वनिव्यवस्थेकडे संकेत डीआय बॉक्समधून (वाद्याचा संकेत ध्वनिव्यवस्थेला जुळेल असा करणाऱ्या पेटीतून) जाईल हे गृहीत धरावे. अ‍ॅक्टिव्ह डीआय ला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (मिक्सरकडून केबलमधूनच येणारी वीज) किंवा बॅटरी लागते, म्हणून आपला बॉक्स कोणत्या प्रकारचा आहे हे साउंड इंजिनिअरला आधी कळवावे. गुणगुण आली तर प्रथम डीआय बॉक्सवरचे ग्राउंड लिफ्टचे (संकेताच्या केबलमधली अर्थिंग तोडणारे) बटण वापरून पाहावे. विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन काढणे जिवावर बेतू शकते, तो मार्ग कधीच पत्करू नये. अ‍ॅम्पवरच्या डीआय मधून संकेत देत असल्यास तो इक्वलायझरच्या (खालच्या-मधल्या-वरच्या स्वरपट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या बटणांच्या) आधीचा की नंतरचा हे ठरवून घ्यावे. आधीचा दिला तर आपण मंचावर केलेले बदल सभागृहाच्या आवाजाला बाधत नाहीत.

अ‍ॅम्पची बटणे आता फिरवावीत. सर्व मध्यावर ठेवून सुरुवात करावी, मात्र काही जुन्या धाटणीच्या अ‍ॅम्पवर मध्य म्हणजे सपाट ध्वनी नसतो, त्यामुळे डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवावी. जाड ई तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, पण कान तो स्वर ओळखतो तो बराचसा ८२ आणि १२३ हर्ट्झच्या उपस्वरांवरून. म्हणून सर्वांत खालची पट्टी वाढवत नेल्याने बेस स्पष्ट होत नाही, अ‍ॅम्पवर भार मात्र वाढतो. घुमारा २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास साठतो आणि स्वरांची ओळख ७०० ते १००० च्या आसपास होते. मधल्या पट्ट्या खाली ओढलेला आवाज एकट्याने वाजवताना मोहक वाटतो आणि गिटार व कीबोर्ड सुरू होताच नाहीसा होतो. म्हणून आपला टोन खोलीत एकट्याने कधीच पक्का करू नये. तो इतरांसोबत वाजवतानाच ठरवावा.

पिशवीत सुटा तारांचा संच, दोन बॅटऱ्या, एक जादा केबल, अ‍ॅम्पला लागणारा फ्यूज, सॅडल आणि ट्रस रॉडच्या मापाच्या अ‍ॅलन चाव्या आणि कानांचे प्लग असावेत. अ‍ॅलन चाव्या काही वाद्यांना मिलिमीटरच्या आणि काहींना इंचाच्या लागतात, आणि जवळपास बसणारी चावी नटाच्या कडा झिजवते. प्लगबद्दल निष्काळजी राहू नये: ८५ डेसिबलच्या आवाजात ८ तास ही कामाच्या जागेसाठी सांगितलेली एक प्रचलित मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलवर ती पंधरा मिनिटांवर येते.

मंचावर अ‍ॅम्प कोपऱ्यात किंवा भिंतीला टेकून ठेवला तर खालचे स्वर फुगतात. तो थोडा पुढे घ्यावा आणि शक्य असल्यास कानाच्या दिशेने तिरका ठेवावा. साउंड चेकला (कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या तपासणीला) सर्वांत जोरकस आणि सर्वांत हळुवार असे दोन्ही भाग, प्रत्यक्ष कार्यक्रमात वाजवणार तितक्याच ताकदीने वाजवून दाखवावेत आणि नंतर केवळ ड्रमरसोबत एक मिनिट वाजवावे. किक आणि बेस यांचे स्वर एकत्र सुरू होतात का हे बहुतेक जण ऐकतात. ते एकत्र संपतात का हेही ऐकावे. जमल्यास लांब केबल घेऊन प्रेक्षकांच्या जागेत जाऊन ऐकावे आणि मग साउंड इंजिनिअरला विचारल्याशिवाय वाद्याचा आवाज वाढवू नये, कारण त्याने लावलेली पातळी त्यावरच उभी असते. बटणांच्या जागांचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, वाद्य थेट दिव्यांच्या किंवा गार हवेच्या झोतात न ठेवता स्टँडवर ठेवावे, आणि मंचावर जाण्याच्या दहा मिनिटे आधी पुन्हा सूर तपासावा. तार चढी निघाली तर ती आधी सुराच्या खाली उतरवून मग वर आणावी; वरून खाली आणलेली तार पहिल्याच गाण्यात आणखी उतरते.