भाताचा कडा करपा आणि सुडोमोनास: पावडर वाया घालवू नका भो

नवापूर-साक्रीकडे भात लावणाऱ्यांसाठी लिहितोय. आधी रोग ओळखा. पानाची कड टोकाकडून पिवळी पडत नागमोडी खाली वाळत येते, तिथला तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लटकवा, थोड्या वेळाने कापलेल्या जागेतून दुधासारखा धागा उतरला तर समजा जिवाणूचा करपा आहे, बुरशीनाशक मारून काही उपयोग नाही.

सुडोमोनास हे औषध नाही, जिवंत जिवाणू आहेत. ते आधी मुळावर जागा धरतात, मग रोपाची स्वतःची ताकद जागी होते. म्हणून सुरुवात बियाण्यापासून, एक किलोला 10 ग्रॅम पावडर, ती लिटरभर पाण्यात कालवून त्यात बियाणं रात्रभर भिजवायचं. लावणीच्या दिवशी लिटरला 10 ग्रॅमच्या पाण्यात रोपांची मुळं अर्धा तास बुडवा, यात कंटाळा करू नका, माझ्या मते सगळ्यात कामाची पायरी हीच. आणि रोपांचे शेंडे खुडून लावायची सवय असेल तर सोडा, त्या जखमेतूनच रोग आत शिरतो. महिन्याभराने एकरी किलोभर पावडर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून फेकायची, नंतर फवारणी लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 75, उन्हं उतरल्यावरच.

आता माझा शहाणपणा ऐका. मागच्या साली दुकानदार म्हणे "काही नई व्हत", आणि मी सुडोमोनास न् कॉपर एकाच टाकीत ढवळले. तांबं जिवाणूच मारतं, मग आपले काय नि रोगाचे काय! पैसे गेले, शिवाय घरच्यांची बोलणी. पाकीट घेताना तारीख बघा, पत्र्याच्या शेडमध्ये तापलेलं घेऊ नका, कारण हे जिवाणू उन्हाने लवकर मरतात. बॅसिलस सबटिलिस (हाही असाच उपयोगी जिवाणू) मिळालं तर ते जास्त टिकतं, त्याचे टणक कवचाचे बीजाणू असतात ना.

युरिया एकदम ओतू नका, थोडा थोडा विभागून द्या, लुसलुशीत पानावर करपा धावत सुटतो. आणि शेतात तो आधीच पसरला असेल तर सुडोमोनासने वाळलेलं पान हिरवं होणार नाही, तेव्हा युरिया थांबवा, खाचरातलं पाणी काढा, फक्त ते शेजाऱ्याच्या बांधावरून त्याच्या भातात सोडू नका.