लेकीकडे जर्मनीला निघताना

बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या शेजारणी व्हिसाच्या तयारीचं विचारतात, म्हणून लिहिते. आधी पासपोर्ट उघडा. तो गेल्या 10 वर्षांत काढलेला हवा, परतीनंतर किमान 3 महिने चालणारा आणि 2 कोरी पानं असलेला. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या 15 दिवसांवर आणू नका. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मी पहाटेच्या गाडीने अहमदाबादला गेले.

प्रवासातल्या आजारपणाच्या विम्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. निदान 30,000 युरोंचा हवा, राहण्याचा एकेक दिवस त्यात धरलेला. माझा परतीच्या आदल्या दिवशीच संपत होता, खिडकीवरून कागद परत आला, पुन्हा खेप घालावी लागली.

खर्च लेक करणार असेल तर तिने तिथल्या सरकारी कार्यालयातून काढलेलं हमीपत्र मूळच लागतं. विमानात ते हातातल्या पिशवीत ठेवा, उतरल्यावर विचारू शकतात.