दुकान धावतं की चालतं?

पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा 'रन' म्हणजे धावणे, फार तर क्रिकेटमधली धाव, एवढंच मला ठाऊक होतं. दुसऱ्याच आठवड्यात टीम लीडचा मेसेज आला : 'रन इट बाय मी बिफोर यू सेंड.' ऑफिसात सगळे रिपोर्ट 'रन' करायचे. 'बाय मी' म्हणजे त्यांच्या लॉगिनने असणार, असं मी ठरवलं. लॉगिन मागायची लाज वाटली, म्हणून माझ्याच लॉगिनने रिपोर्ट रन केला आणि थेट क्लायंटला पाठवून दिला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की, पाठवण्याआधी एकदा मला दाखव. रिपोर्टमध्ये आकडे मागच्या महिन्याचे होते. पुढचं सांगत नाही.

त्या रात्री डिक्शनरी घेऊन बसलो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले गेलेत. ते पाठ करायच्या भानगडीत पडू नका. मी पडलो होतो, तिसाच्या पुढे गेलो नाही. त्यापेक्षा आपलं 'लागणे' बघा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, घाटात बस लागते. यातलं काही आपल्याला कुणी शिकवलं नाही. काय लागलंय त्यावरून कळतं.

'रन'चंही तसंच. कोण धावतंय ते आधी बघायचं. नळ किंवा नाक असेल तर वाहतं. नव्या कुर्त्याचा रंग असेल तर जातो. मशीन, दुकान असेल तर चालतं. आगगाडी मात्र दोन्हीकडे धावते. निवडणुकीत तर गंमतच : अमेरिकेतला उमेदवार धावतो, इंग्लंडातला उभा राहतो, आणि आपलाही उभाच राहतो.

खरी फसगत मागच्या शेपटांनी होते. 'रन आउट' क्रिकेटमुळे ओळखीचा वाटतो, पण 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क' म्हणजे दूध संपलं. 'रन इंटू' म्हणजे कुणाची अचानक गाठ पडणं. भिंत असेल तर आदळणं. 'रनिंग लेट' म्हणणारा बहुधा रिक्षात बसलेला असतो.

मी वहीत सुटे शब्द लिहायचं बंद केलं. डावीकडे कानावर पडलेलं अख्खं वाक्य, उजवीकडे तिथे आपण काय म्हणू ते. उजव्या बाजूला 'धावणे' पहिल्यांदा आलं ते थेट दुसऱ्या पानावर. गेटवरचं कुत्रं मागे लागलं होतं.